तपस्वी मगर आणि सायरबाई

धुळ्याच्या जैन समाजात सायरबाईंचं नाव निघालं की पुढे लगेच ‘तपस्विनी’ लागायचं. दर पर्युषणात त्या अठाई करायच्या. अठाई म्हणजे आठ दिवस निव्वळ उकळून गार केलेलं पाणी, आणि तेही दिवस मावळेपर्यंतच. नवव्या दिवशी पारणं, गळ्यात हार, बायकांची गाणी, स्थानकात, म्हणजे समाजाच्या धर्मस्थानात, सत्कार. चाळीसेक वर्षं हे असंच चाललं होतं. या बाईला भूक लागते का, असं मात्र एवढ्या वर्षांत एकानेही विचारलं नव्हतं.

माहेर एरंडोलचं. पंधराव्या वर्षी ती धुळ्याला दलिचंद शेठच्या घरात सून म्हणून आली आणि विशीत नवरा विषमज्वराने गेला. मग रिवाजाप्रमाणे वर्षभर कोपरा धरायचा. आतल्या खोलीच्या एका कोपऱ्यात बसून राहायचं, बाहेर यायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. त्याच वर्षीच्या पर्युषणात सासूने भर स्थानकात सांगून टाकलं, “आमच्या बिनणीने अठाई घेतली आहे.” बिनणीला, म्हणजे सुनेला, ही बातमी लागली ती दुपारी जेवायची हाक आली नाही तेव्हा. तिसऱ्या दिवशी न राहवून ती भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरापर्यंत गेली. आत गरम बाट्या तुपात बुडवणं चाललं होतं. सासूने तिच्याकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं. नवव्या दिवशी त्याच सासूने तिला मुगाच्या पाण्याचा पहिला घोट पाजला, आणि जमलेल्या बायका ‘धन्य, धन्य’ करत गाणी म्हणून गेल्या.

पुढे सायरबाईंना तपाची खरी गोडी लागली, हेही खोटं नाही. काही अठाया त्यांनी अगदी मनापासून केल्या. पण ती पहिली त्यांच्या मनात सलत राहिली ती राहिलीच.

दलिचंद शेठने गावाबाहेर एक पांजरापोळ काढली होती. भाकड गायी, लंगडी घोडी, पंख तुटलेली कबुतरं, जे टाकून दिलेलं असेल ते तिथे यायचं. शेठ वारल्यावर नातवांच्यात विश्वस्ताच्या जागेवरून जुंपली. ती जागा एकमेकांना मिळू नये म्हणून सगळ्यांनी मिळून ती सायरबाईंना दिली. त्या काही बोलणार नाहीत याची सर्वांना खात्री होती. बैठकीला त्या यायच्या, कोपऱ्यातल्या गादीवर बसायच्या, बडीशेप तोंडात टाकायच्या, दाखवतील तिथे सही करून घरी जायच्या. अध्यक्ष होता भंवरलाल, त्यांच्या थोरल्या दिरांचा मुलगा. कापडाचं मोठं दुकान होतं त्याचं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पोट फुगलेल्या गायीजवळ तो स्वतः बाह्या सावरून बसायचा. फक्त एकदा त्याने एखादी गोष्ट पुण्याची ठरवली की मग ब्रह्मदेव आला तरी ती पुण्याचीच.

सत्याऐंशीच्या पावसाळ्यात एक छोटी सर्कस धुळ्याला येऊन बुडाली. तंबू चिखलात बसला, मालक पळाला, माणसं पांगली. जनावरं कुणाची? कुणाचीच नाहीत, म्हणजे पांजरापोळीची. दोन घोडे आले, एक म्हातारा उंट आला, आणि हातगाडीवर लोखंडी टाकीत घालून एक मगर आली. टाकीवर तांबड्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘अमेरिकन ॲलिगेटर’. सर्कशीत तिला रोझी म्हणत. पुरुषभर लांब, अंगावर शेवाळी खवले, आणि डोळे असे की आपण तिला बघायला आलो की ती आपल्याला, हेच कळू नये.

तिला खायला काय घालायचं, असा पांजरापोळीत कुणालाच प्रश्न पडला नाही. इथे येणाऱ्या प्रत्येकाला जे मिळतं तेच. पहिल्या दिवशी दुधात कुस्करलेली पोळी ठेवली, मग लापशी, मग गूळ, मग भिजवलेली हरभरा डाळ. रोझीने ढुंकूनही पाहिलं नाही. नेमकं त्याच आठवड्यात पर्युषण लागलं. पहिल्यांदा कोण म्हणालं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी आग्रा रोडवर दुकानादुकानात एकच बोलणं: पांजरापोळीतल्या मगरीने उपवास धरलाय!

मग काय विचारता! लोकांची रीघ लागली. बायका लांबूनच हात जोडायच्या, टाकीच्या कडेला तांदळाची स्वस्तिकं काढायच्या. पूर्वजन्मीची कुणी मोठी साधक असणार, संगत मिळाली आणि पुण्य उदयाला आलं, असं बोललं जाऊ लागलं. आठ दिवस झाले तेव्हा मगरीची अठाई झाली म्हणून भंवरलालने टाकीला हार घातला. पर्युषण संपलं तरी ती खाईना, तेव्हा मासखमण, म्हणजे महिन्याचा उपवास, जाहीर झाला. पेपरात फोटो आला. ‘हिंसा सोडलेली मगर.’ मासखमणही उलटून गेलं. आता तर भंवरलाल तिच्यापुढे बोलताना आवाज खाली घ्यायचा.

पांजरापोळीत जनावरांचं सगळं बघायचा तो नथ्थू. भिल्ल वस्तीतला, साक्रीकडचा. दसऱ्याच्या आसपास सायरबाई नेहमीप्रमाणे गायींना चारा घालायला गेल्या तेव्हा तो त्यांच्या मागे मागे आला.

“माय, एक गोट सांगू का? रागावशात नही ना?”

“सांग.”

“हाई मगर मरी जाई. शेपूटनं बूड देखा तुमीन. आली तैं गच्च भरेल व्हतं. आते हाडं लागतस हातले.”

सायरबाई टाकीपाशी गेल्या. फुलं, तांदूळ, सुकलेलं नारळाचं खोबरं. मधोमध ती पडलेली. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी कातडी आत गेली होती. सायरबाई वाकल्या, तशी रोझीने डोक्याची दिशा थोडी बदलली आणि तोंड किंचित उघडलं. हल्ला नव्हता तो. कुणी आलंय, काही आणलंय का, एवढंच ते होतं. भिंतीला धरत धरत आपण स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलो होतो तेव्हा आपलंही तोंड असंच दिसलं असेल, असं त्यांना वाटलं, आणि चाळीस वर्षांनी त्यांना त्या बंद दाराचा राग आला.

त्या तशाच भंवरलालच्या दुकानात गेल्या. “त्या मगरीला मासे घालायला हवेत,” म्हणाल्या.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. भंवरलालने त्यांना वाटेला लावलं आणि मग दोन्ही कानांना हात लावले. “काकीजी! तुम्ही हे बोलता?”

“ती मरतेय.”

“मरत नाही. मी माहिती काढली आहे.” आणि त्याने ती काढली होती, हेही खरं. कुठल्याशा इंग्रजी ज्ञानकोशातून त्याने मुलाकडून वाचून घेतलं होतं. “ॲलिगेटर अमेरिकेत थंडीच्या दिवसांत चिखलात पडून राहतो. महिनोन् महिने खात नाही. निसर्गच आहे त्याचा. आता थंडी येईल, ती आणखी शांत होईल. फाल्गुनापर्यंत काही होत नाही तिला. मग आपण उगाच कशाला पाप घ्यायचं?”

ज्ञानकोशापुढे सायरबाई काय बोलणार? त्या घरी आल्या, पण जेवण गेलं नाही.

उत्तर आलं ते जळगावहून. पेपरातला तो फोटो पाहून तिथल्या कॉलेजातला धनसिंग राजपूत नावाचा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक एका रविवारी मोटारसायकलवर आला. मद्रासकडे मगरी पाळतात तिथे हा गडी महिनाभर राहून आलेला. हिंसा सोडलेली मगर बघायची म्हणून हसत हसत आला आणि टाकीपाशी पोचल्यावर त्याचं हसू गेलं.

“हिला ॲलिगेटर कोणी सांगितलं?”

“पाटी आहे ना,” भंवरलाल म्हणाला.

धनसिंगने नथ्थूला डोकं धरायला लावलं आणि जबडा मिटलेला असताना काडीने दाखवलं. “आपल्या तापीतली मगर असती तर तोंड मिटल्यावरही खालचा चौथा दात बाहेर दिसला असता. हिचा वरच्या जबड्यात झाकला गेलाय. म्हणजे आपली मगर नाही. उरले दोघं, ॲलिगेटर आणि केमन. दोघं चुलत भाऊ, भल्याभल्यांची गल्लत होते. ॲलिगेटरचं तोंड चांगलं रुंद असतं, फावड्यासारखं. हिचं बघा, पुढे निमुळतं होत गेलंय. आणि हे इथे.” त्याने दोन डोळ्यांच्या मधोमध, थोडं पुढे, काडी टेकवली. तिथे हाडाची एक आडवी कड उठलेली होती, या डोळ्यापासून त्या डोळ्यापर्यंत. “चष्म्याची दांडी असते तशी. ॲलिगेटरला ही नसते. ही चष्मेवाली केमन आहे.”

सायरबाईंनी नकळत आपल्या चष्म्याच्या दांडीला हात लावला.

“एवढ्याशा हाडाने काय फरक पडतो?” भंवरलालने विचारलं.

“शेठजी, ॲलिगेटरच्या मुलखात थंडी पडते. तो थंडीत उपाशी राहू शकतो, हे तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. केमन उष्ण मुलखातली, बारा महिने खाणारी. तिला हिवाळा माहीतच नाही. पोटात काही नाही आणि वर धुळ्याची थंडी. संक्रांत बघणार नाही ही. वाढूनही एवढीच राहते, त्यामुळे भिऊ नका. मासे आणि ऊब, दोनच गोष्टी लागतात.”

तो गेला. त्याच संध्याकाळी दिवस मावळायच्या आत बैठक बसली. नियम दलिचंद शेठने घालून दिलेला होता: या आवारात मांस येणार नाही. तो मोडायचा नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. प्राध्यापक एक म्हणतो, उद्या दुसरा दुसरं म्हणेल, असं एकजण म्हणाला. तिने स्वतःच अन्न सोडलंय, आपण काय करणार, असं दुसरा म्हणाला. शेवटी जे तिच्या कर्मात असेल ते, असं म्हणून भंवरलालने विषय मिटवला आणि सहीसाठी कागद फिरला. कागद कोपऱ्यातल्या गादीपाशी आला आणि तिथेच थांबला.

“मी सही करणार नाही,” सायरबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी माना वळवल्या. त्यांचा आवाज असा आहे हे बऱ्याच जणांना त्या दिवशी कळलं.

“उपवास मी केलेत. तुम्ही मला विचारा उपवास काय असतो ते. पचक्खाण घ्यावं लागतं, स्वतःच्या तोंडाने ‘सोडलं’ म्हणावं लागतं. भरलेलं ताट समोर असताना नाही म्हणावं लागतं. तिच्यापुढे तुम्ही ताट ठेवलंत का तिचं? कोंडून ठेवायचं, तिला खाता येत नाही ते पुढे ठेवायचं, आणि खाल्लं नाही की हार घालायचा! तुम्हाला फार सोपं असतं, दुसऱ्याच्या उपाशी पोटाला हात जोडणं.”

“काकीजी, पण मासे म्हणजेही जीवच ना?” भंवरलाल कळवळून म्हणाला. त्याचा प्रश्न खरा होता.

“जीवच. पाप आहे. मला लागू दे. पण हा जीव आपण दारातून आत घेतला, तेव्हा तो अर्धाच घेतला का? सासऱ्यांचा नियम मीही मोडत नाही. आवारात काही येणार नाही. उद्या सकाळी मी तिला माझ्या घरी नेते.”

“घरी मासे आणाल? मग महासतीजी तुमच्या दारात गोचरीला येणार नाहीत.”

हा घाव वर्मी बसला. साध्वींनी आपल्या घरचं अन्न घ्यावं, याहून मोठं सुख त्या बाईच्या आयुष्यात दुसरं नव्हतं.

“नाही आल्या तर नाही,” म्हणाल्या आणि उठल्या.

सकाळी रोझीच्या तोंडाला फडकं बांधून, वर ओलं पोतं टाकून नथ्थूने हातगाडी ओढली. सायरबाईंच्या घरामागे परसात सिमेंटचा हौद होता. त्यावर पत्रा टाकला, मोठा बल्ब लावला, आणि वीज जाईल तेव्हासाठी शेगडी आणून ठेवली. राहिले मासे.

“माय, तुमीन कसाले जातस? मी चूपचाप लई येसू. कोनले पत्ता बी लागाव नही,” नथ्थू म्हणाला.

“पत्ता लागू दे. चोरून जेवू घालायला ती काही चोर नाही,” सायरबाई म्हणाल्या. त्यांनी पायात चपला घातल्या, कापडी पिशवी घेतली आणि निघाल्या. दुकानं उघडायची वेळ. आग्रा रोडवर झाडलोट चाललेली, गाद्यांवर शेठ लोक स्थिरावत होते. भुऱ्या लुगड्यातली, डोक्यावरून पदर घेतलेली तपस्विनी त्या सगळ्यांच्या देखत रस्त्याच्या मधून चालत गेली आणि पांझरेच्या काठाला जिथे मासळीवाल्या बसतात तिकडे वळली.

वासाने पहिल्यांदा त्यांना भोवळ आली. नाकाला पदर लावावा असं वाटलं, पण लावला नाही. पहिल्याच टोपलीमागे इंदिराबाई भोईण बसली होती. तिने वर पाहिलं आणि तिच्या हातातली सुरी तशीच राहिली.

“वाट चुकन्यात का आक्का?”

“नाही. मासे हवेत. मगरीसाठी.”

“कोनते देऊ?”

“मला काय माहीत? तुम्हीच द्या, मुलाला द्याल तसे.”

इंदिराबाई मासे निवडत होती तोवर सायरबाईंनी त्या टोपलीपुढे दोन्ही हात जोडले आणि चांगल्या मोठ्याने ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटलं. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलं नाही. इंदिराबाईने अर्थ विचारला.

“माझ्याकडून तुम्हाला दुखापत झाली, मला माफ करा. असं म्हणतो आम्ही, वर्षातून एकदा, सगळ्यांना.”

“मासासले बी?”

“मी म्हणते.”

इंदिराबाईने आपल्या टोपलीकडे जरा वेळ पाहिलं. “आमीन तं रोजच मारतस. कधी म्हनेल नही,” ती म्हणाली, आणि पिशवीत आणखी एक मासा टाकला.

येताना भंवरलाल दुकानाच्या पायऱ्या उतरून आडवा आला. त्याचा चेहरा पार उतरला होता. “काकीजी, निदान नथ्थूला तरी पाठवायचं होतं!”

“नथ्थूच्या हातून पाप करून घ्यायचं आणि आपण स्वच्छ राहायचं? ती सवय आपल्या घराला आहेच,” सायरबाई म्हणाल्या. पिशवीतून पाणी गळत होतं. ते त्याच्या पायरीवर सांडलं. त्या बाजूला झाल्या नाहीत.

रोझीने पहिल्या दिवशी मासा नुसता पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन हौदावर आलेलं असताना, नथ्थूने काठीच्या टोकाला एक मासा लावून पाण्यात हलवला. मान एकदम आडवी फिरली, पाणी उसळलं, आणि काठी मोकळी झाली.

“खादं माय! खादं!” नथ्थू ओरडला.

सायरबाईंना तिथेच मळमळून उलटी झाली. त्यांनी तोंड धुतलं, आंघोळ केली, आणि सामायिकाला, आपल्या रोजच्या ध्यानाला, बसल्या. पण बसताना त्यांचा चेहरा लग्नघरातल्या बाईसारखा होता. संक्रांत आली आणि गेली. शेपटीचं बूड पुन्हा भरू लागलं. रोज सकाळी तपस्विनी पिशवी घेऊन रस्त्याच्या मधून जायची, टोपलीपुढे हात जोडायची, रस्त्याच्या मधूनच परत यायची. आधी लोक थांबून बघायचे, मग नुसतेच बघायचे, मग तेही सुटलं.

महासतीजी मात्र आल्या नाहीत. शेजारच्या दारापर्यंत यायच्या आणि पुढच्या दाराला जायच्या. सायरबाई उंबऱ्यात हात जोडून उभ्या असायच्या. त्यांनी ते सोसलं, कुरकुर केली नाही, आणि मगरीवर खापर फोडलं नाही.

पुढच्या वर्षी पर्युषणाच्या तोंडावर भंवरलाल स्वतः घरी आला. दुपारची वेळ. दार सताड उघडं होतं. आत सायरबाई पाटावर बसल्या होत्या आणि समोर ताटात डाळ आणि गरम बाट्या होत्या.

“काकीजी,” तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, “उद्यापासून अठाया सुरू. तुमचं नाव सांगून टाकू का? तेवढी एक अठाई करा. समाज तेच प्रायश्चित्त समजेल. महासतीजींशी मी बोललो आहे. त्या पारण्याला तुमच्याकडे येतील. सगळं पहिल्यासारखं होईल.”

सायरबाईंचा हात थांबला. महासतीजी आपल्या दारात. त्यांच्या डोळ्यांसमोर ते पात्र, ते पांढरं वस्त्र उभं राहिलं. परसातून हौदातल्या पाण्याचा आवाज आला, रोझी कूस बदलत असावी.

“भंवरलाल, माझ्या पहिल्या अठाईचंही नाव दुसऱ्यानेच सांगितलं होतं. तुझ्या आजीने. मला कुणी विचारलं नव्हतं.”

“मग आता मी विचारतो आहे ना, काकीजी.”

“विचारलंस, हे चांगलं केलंस. मग ऐक.” त्यांनी बाटी मोडली आणि तुपात बुडवली. “मला भूक लागली आहे.”

आणि त्या त्याच्यासमोर जेवू लागल्या, सावकाश, एकेक घास नीट चावून. भंवरलाल बराच वेळ तिथे उभा होता. दार मात्र त्यांनी ओढून घेतलं नाही.